मशीन हसीनाच चालवेल

मसाला कांडायला आलेली बाई मशीनसमोरून उठत नाही. तहान लागली तरी नाही, घरून फोन आला तरी नाही. तिची मिरची उखळात पडली की ती समोरच्या स्टुलावर बसते, पदराने नाक झाकते आणि डोळ्यांतून पाणी गाळत शेवटची चिमूट डब्यात पडेपर्यंत पहारा देते. आपली रंगाची मिरची दुसरीच्या डब्यात जाईल, आपलं खोबरं कमी भरेल, आधीच्या गिऱ्हाइकाचा लसूण आपल्या मसाल्यात उतरेल, अशा नाना शंका तिला असतात. तिची माझी ओळख कितीही जुनी असो, ती बसतेच. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. समोर बसू देणं हाच या धंद्याचा पाया आहे.

आर्या, ईशान, तुम्ही टोरांटोत वाढता आहात. तुम्हाला मसाला म्हणजे दुकानातली बरणी. तुमची आई मेधा तुम्हाला हे वाचून दाखवेल, अवघड शब्दांशी थांबेल, आणि तुमच्या आजीने आयुष्यभर काय केलं ते तुम्हाला कळेल. हे ज्या अंकात छापून येईल त्याच्या बाकीच्या वाचकांनीही ऐकावं. सोनाळ्यातल्या वाचकांनी तर जरूर.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे रसायनशास्त्र घेऊन पदवी केली आणि लग्न होऊन सोनाळ्याला आले. सासऱ्यांची पिठाची गिरणी होती. ते गेल्यावर ती विकायची, असं घरात ठरत आलं होतं. मी म्हटलं, मी चालवते. तेव्हा जे हसले ते पुढे मिरची घेऊन माझ्याकडेच आले. पिठाला जोडून मी कांडप सुरू केलं. गावाने मला नाव ठेवलं ‘इंग्लिश काकू’, कारण मी डब्यांना चिठ्ठ्या लावत असे, चपला बाहेर काढायला सांगत असे आणि मशीनपाशी डोक्याला फडकं बांधल्याशिवाय कुणाला उभं राहू देत नसे.

कांडप म्हणजे दळण नव्हे. गिरणीत दगड फिरतात आणि पदार्थ तापतो. कांडपात लोखंडी मुसळं वर-खाली होतात, मसाला ठेचला जातो आणि त्याचं तेल त्याच्यातच राहतं. घाई केली तर मुसळं तापतात आणि धण्याचा वास उडून जातो. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये आम्ही मूठभर तांदूळ कांडून उखळ साफ करतो. ते पीठ कोंबड्यांना जातं. हे सगळं नीट करायला हात लागतो आणि नाक लागतं. आमच्याकडे दोन्ही हसीनाची आहेत. हसीना कामाला आली तेव्हा तिची मुलगी कडेवर होती, आता त्या मुलीला मुलं आहेत. हिशेब आणि शिस्त माझी, मशीन तिचं, अशी आमची वाटणी पहिल्यापासून आहे.

एक नियम आम्ही सुरुवातीलाच केला: मासळी आणि झिंगे इथे कांडायचे नाहीत. झिंगे म्हणजे सुकी कोळंबी. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी मिळते, चटणीला झकास लागते. पण निम्मं गाव ते खात नाही, आणि तो वास लोखंडातून जात नाही. “झिंगे घरच्या खलबत्त्यात कुटा,” असं सांगून हसीनाने कितीतरी पिशव्या परत पाठवल्या आहेत. कुणी विचारलं, “काऊन वं, तू तर खाते!” तर तिचं उत्तर ठरलेलं: “मी खातो माझ्या घरी. मशीन शाकाहारी हाय.”

गिऱ्हाइकं एकेक नमुना असतात. एक आजोबा दरवर्षी बायकोचा मसाला कांडायला येत आणि अर्ध्यात म्हणत, “थोडी मिरची काढून घ्या, घरी सांगू नका.” एक बाई स्टुलावर झोपी गेली आणि जागी झाल्यावर हा मसाला आपला नाहीच म्हणून हटून बसली. हसीनाने तिला डबा हुंगायला दिला. बाई हुंगून म्हणाली, “माझाच हाय. दगडफूल जास्त झालं वाटते.” दोष तरीही आमचाच.

आता ज्याने गावात वादळ उठवलं त्या समुद्राच्या चामड्याकडे येते.

ईशान, तू एका मित्राच्या वाढदिवसाला जपानी नूडल्स खाल्ल्यास आणि तुझे ओठ सुजले. मेधाने भाज्यांच्याच मागवल्या होत्या, पण त्यांचं पाणी सुक्या मासळीचं होतं आणि तुला मासळी चालत नाही हे त्या दिवशी कळलं. पुढे वर्गातली मुलं नूडल्स खायला निघाली की तू घरी राहायचास. फोनवर तू मला म्हणालास, “आजी, तू मसाले बनवतेस ना? मग हा बनव.” सांगितलंस इतक्या सहज, जणू मी शेजारच्या खोलीत होते. मी हो म्हटलं. जपानी नूडल्स मी जन्मात चाखल्या नव्हत्या.

वाचायला बसले. जपानी लोक एक पाचवी चव मानतात, उमामी. आपल्याकडे सहा रस आधीच आहेत, त्यात हा कुठे बसवायचा ते मला सांगता येत नाही. पण चव मला ओळखीची निघाली. भाजलेल्या टोमॅटोच्या चटणीनंतर बोट चाटावंसं वाटतं, ते हेच. जपानात ती सुक्या मासळीतून काढतात, तशीच एका समुद्री वनस्पतीतून आणि वाळवलेल्या अळिंबीतूनही काढतात. मासळी वगळली तरी दोन वाटा उरत होत्या. मेधाने ती समुद्री वनस्पती, तिला कोंबू म्हणतात, भारतात येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर पाठवली. पाकीट नेमकं मिरचीच्या हंगामाच्या तोंडावर कांडपात येऊन पोहोचलं, आणि समोर स्टुलावर कमलताई बसल्या होत्या.

कमलताई माझ्या शेजारच्या गल्लीतल्या. माझी जचकी झाली तेव्हा रोज डिंकाचा लाडू आणून देणाऱ्या. मारुतीच्या भंडाऱ्याचा, म्हणजे गावजेवणाचा, मसाला दरवर्षी त्यांच्या देखरेखीखाली आमच्याकडे कांडला जाई. त्या दिवशी त्यांचा घरचा मसाला चालू होता.

हसीनाने पाकीट फोडलं. आतून काळपट, जाड, वाकडेतिकडे पट्टे निघाले. त्यावर पांढरी भुकटी.

“माय वं! काकू, मेधाताईनं जोड्याचं चामडं धाडलं का?”

“वनस्पती आहे. समुद्रात उगवते.”

कमलताईंनी पदर नाकावर आणखी घट्ट धरला. “वास तं मासोयीचा येऊन राह्यला.”

“समुद्राचा वास आहे तो, कमलताई. पाला आहे हा.”

“समुद्रातलाच नं?”

“हो.”

“मंग!”

मसाला कांडून होताच त्या डबा घेऊन गेल्या. त्या ‘मंग’ने किती काम केलं ते मला बाजाराच्या दिवशी कळलं. भाजीवाल्यापासून पाणक्यापर्यंत एकच बातमी होती: इंग्लिश काकूच्या कांडपात मासोळी कुटतात. दुसऱ्या दिवशी ती सुधारली. काकूनं नाही, हसीनानं कुटली. काकू दुपारी झोपतात तेव्हा कुटली. झिंगे होते. रातोरात पाल्याचे झिंगे झाले आणि दोष माझ्या पाकिटावरून हसीनाच्या हातावर गेला. हा प्रवास कसा होतो ते मला ठाऊक होतं. तरी डोळ्यांदेखत पाहताना अंगाचा तिळपापड झाला.

वाळवणाच्या गच्चीवरून मला रस्ता दिसतो. मिरचीची पोती लादलेले ऑटो आमच्या दारावरून पुढे, फाट्यावरच्या नव्या चक्कीकडे जाऊ लागले. वर्षाचं काम आमच्याकडे उन्हाळ्यातच होतं. तो हंगाम गेला तर कांडप पावसाळ्यात उघडून उपयोग नसतो.

मग एके सकाळी कमलताई आल्या. स्टुलावर बसल्या नाहीत, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

“काकू, आमचा तुमच्यावर भरोसा हाय. तुमच्यावर आळ नाई घेत मी.”

“मग कुणावर घेता?”

“हे पाहा, भंडाऱ्याचं काम हाय. देवाचं. भंडाऱ्याच्या मसाल्यापुरतं तिले घरी बसू द्या. तुमी मशीन धुऊन घ्या, गोमूत्र शिंपडा, दुसरं कोनी उभं करा. आमी सारे येतो. लोकायले बी मंग बोलाले जागा राह्यत नाई.”

हसीना आतल्या खोलीत मिरचीचे देठ खुडत होती. तिचे हात थांबल्याचं मला ऐकू आलं.

“कमलताई, मागे भंडाऱ्यासाठी तुम्हीच आणलेल्या मिरचीच्या पिशवीत झिंगे सापडले होते. आठवतं? कुणी शोधून काढले?”

त्यांचा चेहरा लाल झाला. “ते पिशवी आमच्या घरच्यायनं बाजारात नेली होती! मले काय मालूम!”

“तुम्हाला नव्हतं मालूम. मलाही नव्हतं. हसीनाला वास आला. तिने पिशवी गुपचूप परत दिली आणि बाहेर चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी ती नसती तर झिंगे भंडाऱ्याच्या मसाल्यात गेले असते. आणि तुम्ही तिलाच घरी बसवायला सांगता?”

“मी कुठं काय म्हनतो? लोक म्हनून राह्यले.”

“लोकांना सांगा, मशीन हसीनाच चालवेल. ज्यांना शंका असेल त्यांनी समोर बसावं. स्टूल त्यासाठीच आहे.”

“मंग भंडाऱ्याचं काम गेलं असं समजा, काकू.”

“समजले.”

त्या गेल्या. पाठ वळवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं मला वाटलं, पण कांडपात सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असतं.

जेवताना हसीना म्हणाली, “काकू, कायले अडून बसता? मी जातो नं पोरीकडं जळगाव जामोदले. नातवायले भेटून येतो. तेवढ्यात भंडारा होऊन जाईन.”

“तू नातवंडांना भेटायला कधीही जा. यासाठी जायचं नाही.”

“धंदा बसन.”

“बसू दे. आज त्यांनी भंडाऱ्यापुरतं म्हटलं. उद्या लग्नाच्या मसाल्यापुरतं म्हणतील. मग तू फक्त देठ खुडायला उरशील. आणि मी तुला रोज ‘जेवलीस का’ विचारीन आणि स्वतःला फार चांगली समजेन. मला ते नको.”

हसीनाने हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. “लय जिद्दी हा तुमी.”

“हो.”

“मंग ते चामडं काढा. मशीन खाली बसून राह्यली. ईशानचं तरी करून टाकू.”

असं आम्ही जपानी मसाल्याला लागलो. तुमच्या नूडल्सचा मसाला गावाच्या रागाच्या फटीत तयार झाला हे लक्षात ठेवा.

पहिला घाणा आम्ही आमच्या पद्धतीने केला आणि तिथेच फसलो. आमच्याकडे कुठलाही जिन्नस आधी निवडून, धुऊन, पुसून घेतात. कोंबूवरची पांढरी भुकटी आम्हा दोघींनाही बुरशी वाटली. आम्ही ती घासून घासून धुतली. पट्टे बुळबुळीत झाले, ते गच्चीवर वाळवले. मग दगडफूल तळतो तसे तेलात तळले, कारण काळ्या मसाल्यात प्रत्येक जिन्नस वेगळा तळायचा हे आमच्या हाडात आहे. कांडून जी पूड झाली ती कडू, तेलकट, आणि वास असा की या वेळी कमलताईंना दोष देता आला नसता.

हसीनाने जिभेला लावून पाहिली. “काकू, हे ईशानले धाडू नका. नातू तुटून जाईन.”

मी पुन्हा वाचायला बसले. ती पांढरी भुकटी म्हणजेच चव होती. आम्ही ती मोठ्या निष्ठेने मोरीत सोडली होती. माझी रसायनशास्त्राची पदवी आणि हसीनाचं नाक, दोन्ही शेजारी उभी असताना.

दुसऱ्या वेळी पाणी लावलं नाही, तेल लावलं नाही. पट्टे कोरड्या फडक्याने नुसते टिपले, कात्रीने कापले, तव्यावर हलके शेकले. चैत्राच्या उन्हात टोमॅटोच्या फोडी मीठ लावून वाळवल्या. आमचं ऊन तुम्ही पाहिलेलं नाही. सकाळची फोड संध्याकाळपर्यंत कडा दुमडून घेते, आणि दोन-तीन उन्हांत पापडासारखी मोडते. बचत गटाच्या बायकांकडून सुकी अळिंबी घेतली. शेतातलं सोयाबीन खमंग भाजून सालं पाखडली, थोडे तीळ घेतले, सुंठ अगदी जराशी. सगळं गार झाल्यावर, सकाळच्या गारव्यात, थोडं थोडं करून कांडलं. मुसळं तापली की कोंबू मऊ पडतो आणि त्यांना चिकटतो. सुरुवातीला मशीन तांदळाने साफ केलं, शेवटी पुन्हा केलं. वाटीत उरली ती बदामी रंगाची, कोरडी, हलकी पूड. मिरची नाही, हळद नाही. आमच्या कांडपातून निघालेली पहिली बिनतिखट गोष्ट.

नूडल्स कुठून आणायच्या? घरात वळलेल्या गव्हाच्या शेवया होत्या, त्याच उकडल्या. दोन कटोऱ्यांत गरम पाणी, चमचाभर पूड, मीठ, वर शेवया आणि कांद्याची पात. गच्चीवर पापडांच्या शेजारी बसून आम्ही दोघींनी खाल्लं. हसीनाच्या शेवया संपल्या, तिने कटोरा तोंडाला लावला आणि तळाचं पाणी पिऊन टाकलं.

“कशी आहे गं?”

“सांगता येत नाई. तिखट नाई, खारट नाई, काहीच नाई. पन कटोरा खाली ठेवू वाटत नाई.”

उमामीची याहून चांगली व्याख्या मला अजून कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही.

डबा बंद करण्याआधी मेधाचा फोन आला. ईशानच्या डॉक्टरांना त्यातला प्रत्येक जिन्नस लिहून हवा होता, आणि मशीनमध्ये पूर्वी काय काय कांडलं गेलं तेही. पहिला घास त्यांच्या देखत द्यायचा असं ठरलं होतं. मी चिठ्ठी लिहायला घेतली. जिन्नस लिहिले. खाली लिहिलं, ‘या मशीनमध्ये मासळी किंवा झिंगे कधीही कांडलेले नाहीत.’ सही करायला पेन टेकवलं आणि थांबले. हे मी कशावरून म्हणणार? दुपारी मी झोपतेच. ते खरं आहे. मशीनपाशी असते ती हसीना.

मी पेन तिच्यापुढे केलं. “तू कर सही.”

“मी? डॉक्टर वाचन ते!”

“म्हणूनच. हे तुलाच माहीत आहे.”

तिने हात पदराला पुसले. ती चिठ्ठी तिने आधी मला मोठ्याने वाचायला लावली, एकेक जिन्नस बोट ठेवून तपासला. “कांद्याची पात यात नाई नं लिहिली? ते वरून टाकली होती,” म्हणून खात्री केली, आणि मग सही केली. गावाने ज्या हातावर संशय घेतला त्या हाताच्या भरवशावर माझा नातू पहिला घास घेणार होता. मला त्या वेळी भीती वाटली का, असं मेधाने नंतर विचारलं. नाही वाटली.

ईशान, पुढचं तुला माहीत आहे. दवाखान्यात तू थोडं चाखलंस, सगळे तुझ्या ओठांकडे बघत बसले आणि तू कंटाळून म्हणालास, “आता उरलेलं खाऊ का?” आर्या, तू व्हिडिओ कॉलसाठी फोन धरला होतास, त्यामुळे आम्हाला अर्धा वेळ छतच दिसलं. तरी ओठ दिसले. नेहमीसारखे होते. हसीनाने फोनमध्ये तोंड घालून विचारलं, “काऊन बे, कटोरा खाली ठेवला का?” तुला कळलं नाही. आता कळेल.

तो उन्हाळा आम्हाला जड गेला, खोटं कशाला लिहू. हळूहळू काही गिऱ्हाइकं परतली. फाट्यावरच्या चक्कीत मसाला तापतो हे त्यांच्या भाज्यांनीच त्यांना सांगितलं. काही जणी मान खाली घालून आल्या, काही जणी जणू काही झालंच नव्हतं अशा आल्या. हसीनाने सगळ्यांचा मसाला कांडला, कुणालाही टोमणा मारला नाही. मी मारले. कुणीतरी मारायला हवे होते.

बहुतेक जणी आता समोर बसल्या की विचारतात, ते जपानी काय असतं? हसीना चिमूटभर तळहातावर देते. “पाला हाय,” म्हणते. “समुद्रातला.” मग समोरची बाई काय म्हणते त्याची वाट पाहते.

भंडाऱ्याचा मसाला मात्र यंदाही दुसरीकडे गेला. ज्या बाईने मला डिंकाचे लाडू खाऊ घातले ती रस्त्यात भेटली की दुकानाच्या पाट्या वाचत पुढे जाते. याची खंत मला आहे, आणि ती राहील. पण ती खंत घालवण्यासाठी जी किंमत मागितली गेली ती पुन्हा मागितली तरी मी देणार नाही.

कमलताई, हा अंक तुमच्या घरी येतो हे मला माहीत आहे. तुमच्या सुनबाई तो आधी वाचतात आणि मग तुम्हाला देतात, तेही माहीत आहे. म्हणून इथेच सांगते. तुमचं स्टूल होतं तिथेच आहे. त्याचा एक पाय डगमगत होता, तो मी बसवून घेतला. मिरची वाळली की या, बसा, नाक झाका, शेवटच्या चिमटीपर्यंत पहारा द्या. मशीन हसीनाच चालवेल.